मडकी बावीस, आकडे एकोणीस

आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. त्या देवळाची घंटा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारी मुकी व्हायची, ती शनिवारी सकाळी मिसाच्या, म्हणजे मोठ्या प्रार्थनेच्या, मध्यावर पुन्हा बोलायची. मधल्या दिवसांत गावाला प्रार्थनेला बोलवायचं ते लाकडी टकटकीने. फळीवर सैल बसवलेली लोखंडी कडी. मनगट फिरवलं की सुकी हाडं एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज यायचा. तो खाडीकडून सुरू व्हायचा, नारळाच्या वाड्यांतून वळत वळत आमच्या दाराशी यायचा आणि किल्ल्याच्या चढाकडे निघून जायचा. एरवी आम्ही मुलं त्याच्यामागून पळत असू. मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी मात्र मी भाताच्या कणगीमागे कान दाबून बसले होते. टकटकी मलाच शोधते आहे, अशी माझी खात्री झाली होती.

मी याद्या करणारी बाई आहे. इस्पितळात इतकी वर्षं मी चादरी मोजल्या, बाटल्या मोजल्या, रोगी मोजले. अजूनही बाजाराला निघताना वहीचं पान फाडून पिशवीत टाकल्याशिवाय माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. या आठवणी लिहायला बसले तेव्हाही आधी यादीच केली, पानाच्या मधोमध रेघ मारून. एका बाजूला सांगायचं, दुसऱ्या बाजूला नाही सांगायचं. दुसऱ्या बाजूला एकच नोंद होती. गेले चार दिवस ते पान समोर ठेवून मी बाकीची प्रकरणं लिहिते आहे, आणि एकही धड होत नाही. म्हणून ही नोंद आधी संपवते.

आमचं घर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीत. घरात आम्ही आमची वेगळी बोली बोलायचो, पोर्तुगीज गेल्यावर मागे राहिलेली. इथे सगळ्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. वडील आगबोटीवर खानसामा होते. वर्षातून दोनदा यायचे, डोक्याला अनोळखी तेलाचा वास घेऊन. एरवी माय आणि मी. उपासकाळाचे चाळीस दिवस घरात मटण-मासळीचं नाव नसे. वालाचं बिरडं, भात, सोलकढी, शुक्रवारी नुसती पेज. भिंतीपलीकडे मायच्या सख्ख्या भावाची, नातोलमामाची वाडी. मामा कमी बोलायचा आणि माडावर चढताना गायचा. त्याचा आवाज वरून यायचा, जमिनीवर उतरला की बंद. मायला वडिलांची आठवण आली की ती अंगणात उभी राहून वर बघायची आणि म्हणायची, “नातोल, जरा मोठ्याने म्हण.”

माडी काढायच्या माडाला सरकारी परवाना लागे आणि परवाना असलेल्या माडाच्या बुंध्यावर आकडा कोरलेला असे. मामाकडे एकोणीस आकडे होते. पण वाडीच्या मागच्या टोकाला, केळींच्या आड, तीन माडांवर बिनआकड्याची मडकी टांगलेली होती. ती माडी विकायची नव्हती. तिच्यावर सगळ्या वाडीचे ईस्टरचे पाव फुगायचे, तिचाच शिरका सणाच्या मटणात पडायचा. मला हे माहीत होतं, कारण मला मोजायची खोड होती. कोंबड्या, पायऱ्या, देवळातल्या मेणबत्त्या, सगळं. मामाने मला एकदा त्या तीन माडांखाली बोट वर करून मोजताना पकडलं आणि हसून म्हणाला, “इझाबाय, हे तीन तुझे नि माझे. हिशेबात घ्यायचे नाहीत हं.” मी मान डोलावली होती. हे मुद्दाम लिहिते आहे. मी डोलावली होती.

उपासकाळ सुरू होऊन आठवडा झाला असेल. आबकारीचा साहेब वाडीत आला. खाकी अर्धी चड्डी, पायांत मोजे, बरोबर दोन शिपाई. आमच्या शेजारच्या अंजेलीनमावशीच्या ओट्यावर बसून त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि जाताना आमच्या कुंपणाशी थांबला. मी पाटीवर आकडे लिहीत होते.

“शाळेत जातेस काय गं?”

“होय.”

“किती येतात मोजता?”

“कितीही,” मी म्हटलं.

तो शिपायांकडे बघून हसला. “कितीही म्हणे! बरं, मग या माडांवर मडकी किती, सांग बघू.”

“बावीस.”

“आणि आकडे?”

इथे मी थांबले. ते थांबणं मला आजही हाताला लागतं. साहेबाने खिशातून पेन्सिल काढली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. तशी पेन्सिल मी आमच्या मास्तरांकडेसुद्धा पाहिली नव्हती. “येत नसेल तर राहू दे,” तो म्हणाला आणि पेन्सिल परत खिशात ठेवू लागला.

“एकोणीस,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकी फुटण्याचे आवाज आले. आधी तीन, एकामागून एक. मग शिपायांनी हौसेने बाकीचीही फोडली. मी पेन्सिल घराच्या वाशावर झावळ्यांत खुपसून ठेवली होती आणि खाली उभी राहून मोजत होते. बाविसापर्यंत मोजलं आणि पुढे काय करायचं ते कळेना. मामाला हाताला दोरी बांधून होडीत बसवलं. सांतानमामी, त्याची बायको, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून होडीच्या काठाला धरून होती; शिपायाने तिची बोटं एकेक करून सोडवली. पुढे कळलं, अलिबागच्या तुरुंगात तीन महिने.

आता कुणी सांगितलं हा प्रश्न वाडीत उठला, आणि त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. साहेब पाणी प्यायला होता तो अंजेलीनमावशीच्या ओट्यावर. कुंपणावरून पडणाऱ्या नारळांवरून तिचं नि मामाचं दोन महिने वाजत होतं. ती भर रस्त्यात ओरडली होती, “नातोल, तुझी माडी एक दिवस सरकार पिईल, बघ!” एवढं पुरेसं होतं. ती विधवा होती, तिखट होती, आणि तिला मूलबाळ नव्हतं. नवरा मचव्यावरून पडून समुद्रात गेला. प्रेत मिळालं नाही. लग्नात घातलेला त्याचा काळा कोट तेवढा राहिला होता. पुरायला माणूसच नसल्यामुळे कोट पुरावा असं कुणीतरी सुचवलं होतं, तर ती म्हणाली होती, “कोट बुडाला नाही, मग पुरू कशाला?” दर वर्षी पवित्र गुरुवारी ती तो कोट कुंपणावर उन्हात टाकायची. भरती-ओहोटीच्या हवेत कापड कुजतं म्हणून.

मामाला नेल्यापासून तिच्याकडे कुणी विस्तव मागायला गेलं नाही. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. माय तर तिच्या तोंडावर थुंकायचीच बाकी राहिली होती. मी मायच्या पदराला धरून उभी राहायचे आणि अंजेलीनमावशीच्या पायांकडे बघायचे.

त्या वर्षी माझा पहिला कोमुनियांव होता. पाद्रीच्या हातून पवित्र भाकरीची चकती पहिल्यांदा जिभेवर घ्यायची. आमच्याकडे तेव्हा ते उशिराच देत. त्याआधी पापकबुली. आमचे पाद्री गोव्याचे, उंच, खोकणारे, मुलांवर हात न उगारणारे. पण त्यांनी शिकवलेली एक गोष्ट माझ्या अंगात हिवासारखी शिरली. शेवटच्या जेवणात प्रभूने त्याला पैशांसाठी विकणाऱ्या शिष्याला, जुदासला, घास दिला, आणि त्या घासामागून सैतान त्याच्या पोटात उतरला. “मनात पाप लपवून जो चकती घेतो,” पाद्री म्हणाले, “तो जुदासच्याच पानात जेवतो.” मला घास गिळवेना. पेज घशाशी आली की वाटायचं, हा तोच. माय कपाळाला हात लावून बघायची आणि म्हणायची, “पोर उपास फार मनावर घेतेय.”

बुधवारी पापकबुली झाली. मी माझ्या पापांची यादी कागदावर लिहून नेली होती, विसरायला नको म्हणून. सात होती. मायला उलट बोलले, देवळात हसले, खोबरं चोरून खाल्लं, अशी. जाळीपलीकडून पाद्री खोकले, म्हणाले, “आणखी काय, बाय?” जाळीला जुन्या घामाचा वास होता. “आणखी काही नाही,” मी म्हटलं. पाद्रींनी माफी देऊन मला सोडलं तेव्हा मला कळलं की आता पापं दोन झाली आणि दुसरं पहिल्याहून मोठं आहे. चार रात्री उरल्या होत्या. रविवारी चकती माझ्या जिभेवर काळी पडणार, सगळ्या गावासमोर, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शनिवारी घंटा वाजली की जुदास ओढायचा, ही आमच्या वाडीची रीत. पोरं पेंढ्याचा पुतळा करत, दोरीने गावभर फरफटवत, लहानमोठे सगळे काठीने मारत, मग खाडीच्या वाळूत जाळत. त्या पुतळ्याला कपडा कुणाचा घालायचा हे आदल्या दिवशी गुपचूप ठरे. वर्षभरात ज्याने गावाचं वाईट केलं त्याच्या घरचा कपडा पळवायचा. मालकाने ओळखावं आणि गप्प बसावं. एरवी ती चेष्टाच असे. एका वर्षी मापात मारणाऱ्या दुकानदाराची लुंगी होती आणि तो स्वतःच काठी घेऊन मारायला आला होता.

त्या शनिवारी घंटा वाजली, मूर्तींवरचे पडदे पडले, मेणबत्त्या लागल्या. आम्ही बाहेर आलो तर पायरीशी जुदास पडला होता. अंगात काळा कोट.

अंजेलीनमावशी माझ्या पुढे दोन पायऱ्या होती. ती ओरडेल, शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पोरं त्यासाठीच थांबली होती. ती खाली उतरली. पुतळ्याजवळ ओणवी झाली. म्हणाली, “अरे, बटणं तरी काढू द्या.”

कुणीतरी हसलं. “जुदासला उघड्या छातीने पाठवतेस काय, अंजेलीन?” आणि दोरी ओढली. पुतळा तिच्या हातातून निसटला. ती वाळूपर्यंत मागून चालत गेली, पळाली नाही. मला कुणीतरी काठी दिली. माय म्हणाली, “मार, इझा. मामासाठी मार.” मी मारलं. एकदाच, कोटाच्या बाहीवर. मऊ लागलं. मग आग लावली तेव्हा मी देवळाकडे पळत सुटले होते.

पाद्री आतल्या खोलीत जरीचा झगा उतरवत होते. मी दारातच बोलायला लागले, गुडघे टेकायचंही सुचलं नाही. मडकी, आकडे, पेन्सिल, बुधवार, काठी. ते झगा अर्धा हातात धरून ऐकत राहिले. मी थांबले तेव्हा त्यांनी झगा घडी करून पेटीत ठेवला. मी विचारलं, “फादर, जुदासला माफी मिळाली असती?”

“मिळाली असती.”

“कशी? ज्याला विकलं तो तर क्रुसावर होता.”

“क्रुसाखाली जायचं होतं,” ते म्हणाले. “तो फास घेऊन झाडाकडे गेला.” मग खोकले, बराच वेळ. “गुडघे टेक. देवाची माफी मी आत्ता देतो. पण बाय, अंजेलीनची माझ्याकडे नाही. ती तिच्याच घरात आहे. आणि जिचं नाव तुझ्यामुळे गेलं तिचं नाव तुलाच परत आणून द्यायचंय. आज. उद्यावर नाही.”

“तिने नाही दिली तर?”

“तर नाही दिली,” पाद्री म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हा फार क्रूर वाटलं. पुढे मरणाच्या दारातल्या कितीतरी लोकांच्या उशाशी मी बसले, त्यांच्या नातेवाइकांना “आता माफ करून टाका हो” असं सांगणारे पुष्कळ पाहिले. मी कधी कुणाला तसं सांगितलं नाही.

अंजेलीनमावशी चुलीपुढे बसली होती, चूल न पेटवता. मी उंबऱ्यावर उभी राहून सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी म्हणाली, “पाद्रीला सांगितलंस?”

“होय.”

“त्याने सोडवलं?”

“होय.”

“लवकर सुटलीस.” मग वळून बघितलं. “पाच आठवडे तू त्या कुंपणापलीकडे होतीस. मला विहिरीवर बघत होतीस. काठी मारलीस तीही मी बघितली.”

“मावशी, मला माफ कर.”

“नाही,” ती म्हणाली. रागाने नाही, भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसं. ती उठली, तिने माझं मनगट धरलं आणि मला कुंपणाच्या फटीतून थेट सांतानमामीच्या ओट्यावर नेलं. माय तिथेच होती, दोघी ईस्टरचं पीठ मळत होत्या. “बोल,” अंजेलीनमावशी म्हणाली.

मी पुन्हा सगळं सांगितलं. मामीने पिठाचे हात वर धरले आणि हसली. “वा गं अंजेलीन! आता पोरीला पढवलंस? कोट जळला म्हणून कच्च्या लेकराच्या गळ्यात बांधतेस?”

मायने मला ओढून घेतलं. “घाबरवलं हिने तुला? काय म्हणाली, सांग.”

त्या क्षणी मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणी मला काही विचारलं नसतं, कधीच. हे मला तेव्हाही कळलं, आणि सगळ्यात जास्त भीती मला त्याच क्षणी वाटली. मी मायच्या हातातून सुटले, घरात पळाले, उखळावर चढून वाशातली पेन्सिल काढली आणि आणून पिठाच्या परातीशेजारी ठेवली. लाल-निळी. त्या वाडीत तशी पेन्सिल दुसरीकडून येणं शक्य नव्हतं.

मामी पेन्सिलकडे बघत राहिली. माय खाली बसली. मग मामी उठली. तिचा हात वर गेला, पिठाने भरलेला, आणि मी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

तो आला नाही. डोळे उघडले तर अंजेलीनमावशीने मामीचा हात हवेतच धरला होता.

“मारू नको,” ती म्हणाली. “मारलंस की तिचं फिटलं. फिटू देऊ नको.”

हात सोडून ती आपल्या घरी गेली. त्या संध्याकाळी माय मला दारोदार घेऊन गेली, हाताला धरून, एकही घर न सोडता. प्रत्येक ओट्यावर मीच बोलायचं आणि तिने बाजूला उभं राहायचं. काही बायका “लहान आहे हो” म्हणाल्या. मायने एकीलाही उत्तर दिलं नाही.

रविवारी मी पांढरा झगा घालून रांगेत उभी होते. जीभ बाहेर काढली. चकती जिभेवर पडली, टाळूला चिकटली, विरघळली. काळी झाली नाही. चव काहीच नव्हती. मी जागेवर परत येताना अंजेलीनमावशीकडे पाहिलं. ती समोर वेदीकडे बघत होती.

मामा पावसाच्या तोंडावर सुटून आला, बारीक होऊन. मामीने त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. मला बघून त्याने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “पोर होतीस.” त्याने माफ केलं, आणि मला वाटतं अगदी मनापासून. पण त्यानंतर माडावर चढताना तो कधी गायला नाही.

ईस्टरच्या दुपारी आमच्याकडे घरोघर ताटं फिरत. पाव, मटण, गोड पोळे. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, काही नसेल तर गुळाचा खडा तरी ठेवायचा. रिकामं ताट म्हणजे आपला तुमचा संबंध नाही. त्या वर्षी माय म्हणाली, “अंजेलीनकडे तू ने.” मी नेलं. तिने ताट घेतलं, आत नेलं, धुतलं, पुसलं, आणि रिकामं माझ्या हातात दिलं. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षीही. ताट घ्यायला तिने कधी नकार दिला नाही, आणि कधी त्यात काही ठेवलं नाही. माय एकदा वैतागून म्हणाली की पुरे आता, देवाने कधीच सोडलं तुला. मी म्हटलं, मी जाणार. दर वर्षी ती चार पावलं मी मोजत जायचे. मोठी झाले तरी.

मुंबईला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं ठरलं त्या ईस्टरला मी अठरा वर्षांची होते. ताट घेऊन गेले, तिने नेहमीसारखं धुऊन पुसून आणलं. मी पाहिलं. रिकामं. मी सांगितलं की पुढच्या महिन्यात मी जाते आहे, आगबोटीने, तीन वर्षांसाठी.

ती ताटाची दुसरी कड धरून होती. अजून सोडली नव्हती.

“मग पुढच्या वर्षी कोण आणणार?” ती म्हणाली.

“मीच आणेन,” मी म्हटलं. आणि ती जाईपर्यंत ईस्टरची रजा मी कधी दुसऱ्या कुणाला दिली नाही.